पाराला माणसं पाच हवीत

तुम्ही करता काय, असं कुणी विचारलं की मी आधी समोरच्याचा चेहरा बघते. माणूस घाईत असेल तर "निवृत्त, सहकार खातं" एवढं सांगून मोकळी होते. निवांत असेल, पुढ्यात चहाही आला असेल, तर खरं सांगते. मी झाडाला नमस्कार करणाऱ्या लोकांच्या सभा लावते, त्यांची भांडणं मिटवते, त्यांचे पदाधिकारी बदलते आणि वेळ आलीच तर त्यांची शाखा बंदही करते. यावर समोरून हमखास येतं, "म्हणजे पर्यावरणवाले का?" नाही हो. पर्यावरणवाले झाडं लावतात आणि फोटो काढून घरी जातात. आमचे लोक झाडासमोर बसतात आणि लवकर घरी जात नाहीत, हीच तर माझी अडचण आहे.

आमची 'सृष्टिपूजक मंडळी' परदेशातून परत आलेल्या एका जोडप्यानं सुरू केली. तिकडं ते निसर्गाला देव मानणाऱ्यांच्या चर्चमध्ये जात. चर्च आपलं म्हणायला. क्रूस नाही, पाद्री नाही, पोथी नाही. सूर्य, चंद्र, माती, पाणी यांची पूजा आणि ऋतू बदलला की सण. ते सगळं मला समजावून सांगताना दोघांचे डोळे चमकत होते. मी म्हटलं, "अहो, आमच्या आजोळी सगळा गाव हेच करायचा, फक्त त्याला नाव नव्हतं." ते म्हणाले, "म्हणूनच तुम्ही हव्यात. भक्ती लोकांकडे आहेच, घटना नाहीये."

घटना म्हटल्यावर मी विरघळले. नोकरीतली माझी हयात गृहनिर्माण संस्था आणि दूधसंस्था यांच्या वार्षिक सभांत गेली. खुर्ची उचलण्याआधी माणूस कसा दिसतो, ते मला दुरून ओळखू येतं. तेव्हा मी निवृत्त होऊन घरात सगळ्यांच्या चुका काढत बसले होते, त्यामुळे हे काम मी घ्यावं असा माझ्या घरच्यांचाच जास्त आग्रह होता.

आता बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. गावात मोठ्या झाडाभोवती ओटा बांधलेला असतो, त्याला पार म्हणतात. तेच नाव आम्ही आमच्या प्रत्येक लहान शाखेला दिलं. एक झाड आणि त्याच्याखाली जमणारी माणसं म्हणजे एक पार. दर पौर्णिमेला दिवस मावळताना जमायचं, दिवा लावायचा, झाडाला पाणी घालायचं, गोल बसून महिन्याभरात काय झालं ते एकेकानं बोलायचं आणि घरून आणलेलं वाटून खायचं. पाराचा प्रमुख तो पारकरी आणि सगळ्यांना फोन करून गोळा करणारा तो निरोप्या. मुळशी तालुक्यात आमचे तीन पार आहेत: एक भुकूमला, एक मुळशीत धरणाजवळ आणि एक लवासात.

घटना मी लिहिली. पाराला कमीत कमी पाच माणसं हवीत, हे माझंच. लागोपाठ तीन पौर्णिमा पाचाच्या खाली गेल्या तर पार उतरवायचा, म्हणजे त्याचा दिवा शेजारच्या पाराला द्यायचा. संस्थापक बाईंना हे फार कठोर वाटलं. मी म्हटलं, "पाचाच्या खाली गेलं की त्याचं कुटुंब होतं, आणि कुटुंबाची भांडणं मिटवणं माझ्या कामात बसत नाही."

पारकरी दरवर्षी बदलायचा, हेही माझंच. याचं कारण माणसाला देव भेटायला वेळ लागतो, पण आपण देव आहोत असं वाटायला एक वर्ष पुरतं. पहिल्याच वर्षी भुकूमला एक गृहस्थ पारकरी झाले. केस खांद्यापर्यंत, आवाज खर्जातला. दुसऱ्या पौर्णिमेपासून त्यांना चंद्राकडून संदेश यायला लागले. बायका त्यांच्या पाया पडू लागल्या तशी मी बदलाची सभा लावली आणि "संदेश घेण्यात आपला हातखंडा आहे" असं म्हणून त्यांना निरोप्या केलं. तेवीस जणांना दर महिन्याला फोन करायचे, कोण भाजी आणणार आणि कोण भात, ते ठरवायचं. दोन महिन्यांत चंद्रानं त्यांना पुण्याला परत जायला सांगितलं.

तिसरा नियम आक्षेपाचा. आमच्यात मतदान नाही, सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. त्यामुळे एकानं हात वर केला की काम अडतं, आणि हात वर करायची हौस कुणाला नसते? म्हणून मी लिहिलं की आक्षेप घेईल त्यानं पर्यायही सांगायचा, आणि तो पर्याय मान्य झाला तर त्याचं ओझंही त्यानंच वाहायचं. त्यानंतर आमच्या सभा निम्म्या वेळात उरकू लागल्या.

या नियमाला न घाबरणारा एकच माणूस, भुकूमचा केदार. मूळचा लातूरचा, हिंजवडीत नोकरीला, भुकूमच्या नव्या बिल्डिंगांपैकी एकीत राहणारा. मनानं चांगला, पण नियम वाचलेला माणूस, आणि नियम वाचलेला माणूस मला सहकार खात्यातही कधी आवडला नाही. भुकूमच्या पाराचं झाड त्यानंच शोधलं होतं. सोसायटीच्या कुंपणाशेजारी, गुलाबी फुलांनी लगडलेलं. सात-आठ महिने त्या मंडळींनी त्याला पाणी घातलं, खोडाला कपाळ टेकलं, एका मुलीनं तर त्याला मिठी मारून नोकरी बदलायचा निर्णय घेतला. मग एका पौर्णिमेला मुळशीच्या पारकरीण हिराबाई पाहुण्या म्हणून आल्या. भातशेती करणारी, साठीची, तोंडानं फटकळ बाई. त्यांनी झाडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"बाई, ही तर उंदीरमारी."

"म्हणजे?"

"बांधाला लावत्यात. हिचा पाला भातात गाडायचा. आन् हिला पानी कशापायी घालताया? ही मारून बी मरत न्हाई."

केदारचा चेहरा पडला. झाड परदेशी आहे, कुठून तरी आणून खतासाठी लावतात, हे त्यानं तिथल्या तिथे मोबाईलवर वाचलं आणि आणखीच पडला. त्या महिन्यात भुकूमच्या पारावर तीन सभा झाल्या. झाड बदलायचं की नाही? एक गट म्हणाला, देशी वड शोधू. दुसरा म्हणाला, आपण सगळेच बाहेरून येऊन इथं रुजलोय, मग झाडाला का नावं ठेवायची? शेवटी उंदीरमारी राहिली. या एका वेळी केदारनंसुद्धा आक्षेप घेतला नाही, कारण पर्याय म्हणून वड लावला असता तर पुढची वीस वर्षं सावलीची वाट त्यालाच बघावी लागली असती.

हे झालं गमतीचं. आता लवासाचं सांगते.

लवासाचा पार सगळ्यात लहान. तळ्याच्या वरच्या अंगाला एका जांभळाखाली जमायचा. पारकरी वसंतराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर. बायकोला तळं आवडलं म्हणून फ्लॅट घेतला आणि बायको दोन वर्षांत गेली. त्यांच्या इमारतीत दिवे लागणारी घरं एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. बंगलोरला असलेला मुलगा अमेय दर रविवारी फोन करून म्हणायचा, "बाबा, आता इकडे या." आणि वसंतराव दर रविवारी म्हणायचे, "अरे, मी पारकरी आहे. जबाबदारीचं पद आहे. असं टाकून येता येत नाही."

हे त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं, थोडं लाजून. अमेयच्या डोळ्यांसमोर बहुधा मोठं ऑफिस, शिपाई वगैरे येत असणार. प्रत्यक्षात पाराची माणसं पाच: वसंतराव, इमारतीचा वॉचमन रामदीन, चहाची टपरी चालवणारं एक जोडपं आणि चित्रं काढणाऱ्या एक बाई. लहान पारांना पारकरी बदलायची सक्ती मी ठेवली नव्हती. सातांच्या खाली माणसं असतील तिथं एकच माणूस कितीही वर्षं राहू शकतो. त्यामुळे वसंतराव चार वर्षं पारकरी होते आणि त्यांना बंगलोरला जावं लागलं नव्हतं.

मग चित्रं काढणाऱ्या बाई मुलीकडे नागपूरला गेल्या. चार उरले. एक पौर्णिमा गेली, दुसरी गेली. तिसऱ्या पौर्णिमेला पार उतरवायला मी निघाले. साक्षीला शेजारच्या पाराचा माणूस लागतो, तो केदार. बंद करायचं काम मी पूर्वी पुष्कळ केलंय, पण बुडालेली दूधसंस्था बंद करणं वेगळं, आणि एका म्हाताऱ्याचा इथं राहण्याचा आधार काढून घेणं वेगळं. दुसऱ्या दिवशी अमेय त्यांना घेऊन जाणार आणि ते मुकाट जाणार, हे मला दिसत होतं.

वसंतराव इस्त्रीचा शर्ट घालून जांभळाखाली उभे होते. दिवा लावलेला.

"या प्रमिलाताई. कोरम पूर्ण आहे."

मी मोजलं. "वसंतराव, चार आहेत."

"पाच. या पाचव्या सभासद, राणीबाई."

झाडाच्या मुळाशी एक तांबूस कुत्री अंग पसरून बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि शेपटी एकदा जमिनीवर आपटली.

"काका, हे चालणार नाही," केदार म्हणाला.

"का? पहिलं कलम वाच. पारावर माणूस, पशू, पक्षी, वृक्ष असा भेद नसेल."

हे कलम संस्थापकांनी हट्टानं घालायला लावलेलं होतं. घटनेत काव्य घालू नका, असं मी तेव्हाच सांगितलं होतं.

"पण सभासद होताना मातीवर हात टेकवावा लागतो," केदार म्हणाला.

"आपण एक टेकवतो. तिचे चारही टेकलेत."

"आणि निरोप? तिला ग्रुपवर ॲड कसं करणार?"

"निरोप लागत नाही. भाताचा वास आला की येते. चार वर्षांत एक पौर्णिमा चुकलेली नाही. तुमच्या भुकूमात अशी हजेरी कुणाची आहे ते सांग."

रामदीननं हात जोडले. "मॅडम, ये तो हमसे भी पहले से आती है."

मला हसू आवरेना. केदारला मात्र आवरण्यासारखं काही नव्हतं, त्यानं रीतसर आक्षेप नोंदवला. मग मी सरकारी नोकरीत जे शिकले ते केलं: प्रश्न गंभीर असून त्याचा निर्णय वार्षिक मेळाव्यात होईल, तोवर पार चालू राहील, असं जाहीर केलं. वसंतरावांनी स्वतःच्या हातानं राणीला भात वाढला.

मेळावा मुळशीला होता, तिन्ही पारांची माणसं, हिराबाईंच्या वाडीतल्या आंब्याखाली. जेवणाआधी राणीचा विषय निघाला. वसंतराव उभे राहून छान बोलले. राणी हजेरी लावते, कुणाबद्दल वाईट बोलत नाही, वाढलेलं सगळं खाते. भुकूमच्या तरुण मुली तर डोळे पुसायला लागल्या. हिराबाई नक्की राणीच्या बाजूनं बोलणार, असं मी धरून चालले होते.

"मला न्हाई पटत," हिराबाई म्हणाल्या. "आज कुत्री घ्याल. उद्या माझी म्हस म्हनंल, मला पारकरीन करा. ती माझ्याआधी उठती, माझ्यापरीस जास्त काम करती. तिला मी काय सांगू?"

"अहो, पण मग पार बंद होईल," मी म्हटलं.

"मग आक्षेप कुनाचा हाय? त्यानं पर्याय द्यावा. कलमच हाय की तुमचं."

सगळ्यांच्या माना केदारकडं वळल्या. तो गडबडला. "पर्याय म्हणजे... माणसं आणायची. दुसऱ्या पारातून कुणी नाव बदलून लवासात गेलं तर चालेल. पण इतक्या लांब कोण जाणार?"

"आमी जातो," हिराबाई म्हणाल्या. "मी आन् ह्या तिघी. आमच्या पाराला मानसं मोप हायेत."

त्यांच्यामागं बसलेल्या तीन बायकांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "तुम्हाला कशाला एवढा त्रास?"

हिराबाईंनी पदर सारखा केला. "बाई, तितं बांधकाम चालू व्हतं तवा आमी चौघी कामाला व्हतो. डोक्यावर पाट्या वाहिल्या. त्या तळ्याकाठच्या बाकावर टेकून च्या प्याची लई हौस व्हती. काम व्हतं तवा बसाया येळ न्हवता, आन् काम संपल्यावर जानार कशाला? आता पुनवंच्या पुनवंला जाऊ. न्यायचं तेवडं बगा कुनीतरी."

केदारकडं सात सीटची गाडी आहे, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. तो बिचारा भुकूमहून मुळशीला येणार, बायकांना घेऊन मागं पिरंगुटला जाणार, तिथून घाट चढून लवासा, आणि जेवणं झाली की परत तेच उलटं. त्यानं माझ्याकडं आशेनं पाहिलं. मी आंब्याकडं पाहिलं.

कुणाचाच आक्षेप निघाला नाही. पार वाचला. राणीला मानद पाहुणी म्हणून यायची मुभा मिळाली, ती तिनं कधीच घेऊन ठेवली होती. वसंतरावांनी माझे दोन्ही हात धरले आणि सोडेनात.

माझ्या डोक्यात पुढचा हिशेब आला तो घरी परतताना, चांदणी चौकात. चार अधिक चार आठ. आठ म्हणजे सातांच्या वर. म्हणजे लहान पाराची सवलत संपली, म्हणजे पारकरी बदलायचा, म्हणजे वसंतराव उतरणार. पार वाचवता वाचवता, ज्याच्यासाठी वाचवायचा होता त्याचंच पद मी घालवून बसले होते, तेही माझ्या नियमानं. मंडळीत काम करायला लागल्यापासून मला स्वतःचा इतका राग आला नव्हता. गप्प बसता आलं असतं, पण मी घरी पोचण्याआधीच केदारचा तोच हिशेब मेसेजवर आला होता.

पुढच्या पौर्णिमेला बदल झाला. रामदीनला ड्युटी, टपरीवाल्यांना टपरी, कुणालाच पद जमेना. हिराबाई म्हणाल्या, "मी व्हते. सवय हाय." वसंतरावांनी दिवा त्यांच्या हातात दिला. नंतर ते मला म्हणाले, "नियम बरोबर आहे तुमचा. फक्त रविवारी अमेयला काय सांगू, तेवढं सुचत नाही."

त्यांनी अमेयला खरं तेच सांगितलं. खोटं बोलणं त्या माणसाला जमत नाही. महिन्याभरात अमेय स्वतःची गाडी घेऊन आला, नेमका पौर्णिमेच्या दिवशी, म्हणजे बाबांना सगळ्यांचा निरोप घेता येईल. चांगला मुलगा आहे. मला वाटलं होतं कोणी तुसडा साहेब येईल, तर हा सगळ्यांसाठी बाकरवडी घेऊन आला आणि खाली मातीत मांडी घालून बसला. वर फ्लॅटमध्ये दोन बॅगा भरून ठेवल्या आहेत, असं रामदीननं माझ्या कानात सांगितलं.

दिवा लागला. एकेक जण बोलला. केदार घाटातल्या धुक्याबद्दल बोलला, त्याच्या बायका तळ्याबद्दल बोलल्या. हो, एव्हाना आम्ही त्यांना 'केदारच्या बायका' म्हणायला लागलो होतो आणि त्याची खरी बायको पण हसायची. वसंतरावांची पाळी आली तेव्हा ते नुसते बसून राहिले. हिराबाईंनी वाट पाहिली, मग भाताच्या पातेल्याकडं वळल्या.

"बाबा, निघूया सकाळी लवकर," अमेय हळूच म्हणाला. "आता तर तुमच्यावर कसली जबाबदारीही नाही."

"नाही ना," वसंतराव म्हणाले. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांच्या डोळ्यांत मला तोच कोरमवाला माणूस दिसला. "पारकरी होतो तेव्हा माझं मी ठरवू शकत होतो. आता मी साधा सभासद. साध्या सभासदाला गाव सोडायचं तर पारकऱ्याची परवानगी लागते."

केदारनं तोंड उघडलं. हिराबाईंनी त्याच्या ताटात भात वाढला, बराच वाढला, आणि त्यानं ते मिटलं.

अमेय सरळ मनाचा. तो हिराबाईंकडं वळला. "मावशी, द्याल ना परवानगी?"

"न्हाई."

"का?"

"फुडल्या पुनवंचा भात यांच्याकडं हाय. त्याच्या फुडल्या बी."

"मावशी, ते एकटे असतात. काही झालं तर कळायचं कसं? मला झोप लागत नाही हो तिकडे."

हिराबाईंनी पळी खाली ठेवली. "कळंल. रोज सक्काळी मी फोन लावतीया. तुमच्या बाबांनी न्हाई उचलला, तर रामदीन दार वाजवतुया. दोनदा वाजवलंय. एकदा बाबा न्हात व्हते, एकदा रुसले व्हते."

अमेयनं वडिलांकडं पाहिलं. वसंतराव राणीच्या कानामागं खाजवत होते आणि आपण या गावचेच नाही असा चेहरा करून बसले होते. मग तो माझ्याकडं वळला. "मॅडम, घटना तुम्ही लिहिलीये ना? असा खरंच नियम आहे?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मंत्र्यासाठी, आमदारासाठी, खुद्द साहेबांसाठी मी नसलेला नियम कधी सांगितला नव्हता. समोर सगळे ताटं घेऊन थांबले होते.

"आहे," मी म्हटलं.

"कितवं कलम?"

"चौदावं."

आमच्या घटनेत कलमं तेरा आहेत.